मंदारवतीला कोणी विचारलं?



आज आम्ही तुम्हाला एका गोष्टीचीच गोष्ट सांगणार आहोत. मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अंधारी रात्र, स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर घेऊन निघालेला राजा विक्रम आणि प्रेतात शिरलेला वेताळ. वाटेत वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला, तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. उत्तर दिलं, तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाणार. बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत. बाईमाणसाला हे कोडं काही नवं नाही!

ही गोष्ट कुठली? उज्जैनची, असं आपण ऐकत आलो. पण ‘कथासरित्सागर’ नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं गाव आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. नाथषष्ठीला तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे जाऊन आल्या असतील. म्हणजे जुन्या ग्रंथात हा राजा आपल्या शेजारचाच आहे.

तो ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या पंडिताने लिहिला. कोणासाठी? राणी सूर्यमतीच्या मनाला विरंगुळा मिळावा म्हणून. आणि ग्रंथाची सुरुवात कशी होते? पार्वती महादेवाला म्हणते, कोणी कधी ऐकली नसेल अशी नवी गोष्ट मला सांगा. तिथून गोष्टींचा हा सागर सुरू होतो. म्हणजे पार्वतीने हट्ट केला म्हणून गोष्टी निघाल्या आणि राणीसाठी त्या लिहिल्या गेल्या. ऐकणारी बाईच होती. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग या गोष्टी गावोगावी, भाषेभाषेत फिरल्या. मराठीत छापखाना नवा होता, तेव्हा सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1830 मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. 1870 मध्ये रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजाने यातल्या अकरा गोष्टी आपल्या पद्धतीने इंग्रजीत लिहिल्या.

पंचविशी म्हणजे पंचवीस गोष्टी. पण गोष्ट लोकांना आवडली की ती संपू देत नाहीत. ‘चांदोबा’ मासिक आठवतं का? ते 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि 1952 पासून मराठीत येऊ लागलं. त्यात दर महिन्याला विक्रम-वेताळ असायचे. महिन्याला एक गोष्ट धरली, तर पंचवीस गोष्टी दोन वर्षं आणि एका महिन्यात संपतात. पण चांदोबातला वेताळ अनेक दशकं बोलत राहिला. मग लेखकांनी काय केलं? राजा तोच, वेताळ तोच, स्मशान तेच. आत गोष्ट मात्र नवी घातली. शंकर नावाचे चित्रकार त्याचं चित्र काढायचे. एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला राजा. त्या चित्राने कितीतरी मुलं रात्री आईच्या कुशीत शिरली असतील.

1985 मध्ये वेताळ दूरदर्शनवर आला. रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ रविवारी दुपारी साडेचारला लागायची. अरुण गोविल विक्रम झाले होते, सज्जन नावाचे जुने नट वेताळ. दोन वर्षांनी हेच अरुण गोविल ‘रामायण’मध्ये राम झाले आणि लोक टीव्हीसमोर हात जोडून बसू लागले. 2009 मध्ये आणि 2018 मध्ये नव्या मालिका निघाल्या. 2017 मध्ये तमिळमध्ये ‘विक्रम वेधा’ चित्रपट आला आणि 2022 मध्ये तो हिंदीत झाला. त्यात राजाच्या जागी पोलीस आहे आणि वेताळाच्या जागी गुन्हेगार. गुन्हेगार पकडला जातो, गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि निसटतो. झाड गेलं, प्रेत गेलं. प्रश्न मात्र राहिला.

म्हणजे या गोष्टीचा जीव कशात आहे? भुतात नाही, प्रश्नात आहे. म्हणून आम्ही एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर पंचविशीतली एक जुनी गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका.

मंदारवती नावाची एक रूपवान मुलगी होती. तिला तीन तरुणांनी मागणी घातली. तिघंही म्हणाले, दुसऱ्याला दिलीत तर मी जीव देईन. बाप घाबरला आणि त्याने कोणालाच दिली नाही. एक दिवस ताप येऊन मुलगी वारली. एक तरुण तिच्या राखेवर झोपडी बांधून राहिला. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला गेला. तिसरा बैरागी होऊन फिरत राहिला आणि मेलेल्याला उठवायचा मंत्र घेऊन आला. मंदारवती जिवंत झाली. लगेच तिघांचं भांडण जुंपलं. वेताळाने विचारलं, ही बायको कोणाची? राजा म्हणाला, ज्याने जीव दिला तो बापासारखा, ज्याने अस्थी नेल्या तो मुलासारखा, जो राखेवर झोपला तोच नवरा.

आम्ही बायांना विचारलं, न्याय बरोबर झाला का? कोणी म्हणालं बरोबर, कोणी म्हणालं मंत्रवाल्याला द्यायला पाहिजे होती. मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी मात्र म्हणाली, “अन् त्या पोरीले कोनी इचारलं का?”

बैठक एकदम शांत झाली. खरंच की. बापाने विचारलं नाही, तिघांनी विचारलं नाही, वेताळाने आणि राजानेही नाही. मेलेली मुलगी उठून उभी राहिली, समोर आहे, तिला तोंड आहे. आणि शेकडो वर्षं सगळे राजाच्याच तोंडाकडे बघत आहेत. आम्हीही ही गोष्ट कितीदा वाचली होती. आमच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

पंचविशीत आणखी एक गोष्ट आहे, मदनसुंदरीची. तिचा नवरा आणि भाऊ देवीपुढे आपली डोकी उडवतात. देवी प्रसन्न होते, पण गडबडीत मदनसुंदरीच्या हातून डोकी अदलाबदल होतात. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, डोकं ज्याचं तो. या गोष्टीवर जर्मन लेखक टोमास मान यांनी 1940 मध्ये एक कादंबरी लिहिली. त्यात भावाच्या जागी मित्र आला. त्यावरून गिरीश कर्नाड यांनी ‘हयवदन’ हे कन्नड नाटक लिहिलं आणि विजया मेहता यांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. कर्नाडांच्या नाटकात बाईचं नाव पद्मिनी आहे. तिला काय हवंय, हे तिथे दिसतं. राजाचा निवाडा मागे पडतो आणि तिचं मन पुढे येतं. शेवटी तीही चितेवर चढते, हे खरं. पण आधी तिचं म्हणणं लोकांच्या कानावर पडतं. जुनी गोष्ट नव्याने सांगताना अशी बदलता येते.

त्या बैठकीतल्या एकीच्या घरी त्याच आठवड्यात मुलगी पाहायला पाहुणे येणार होते. ती पूर्ण वेळ गप्प होती. निघताना चपला घालता घालता म्हणाली, “ताई, मी पन नाही इचारलं अजून.” पुढे तिच्या घरी काय झालं, ते आम्ही इथे सांगणार नाही. ते तिचं आणि तिच्या लेकीचं आहे. पण ती विचारायला गेली, एवढं आम्हाला माहीत आहे.

मैत्रिणींनो, पंचविशी चांदोबाने पुढे नेली, टीव्हीने नेली, सिनेमाने नेली. आता ती आपणही पुढे नेऊ. पुढच्या बैठकीत मंदारवतीची गोष्ट सांगा. राजाच्या उत्तरापाशी थांबा आणि मंदारवतीला बोलू द्या. ती काय म्हणेल? राखेवाला हवा म्हणेल, मंत्रवाला म्हणेल, की तिघंही नकोत, मला आधी शिकायचंय म्हणेल? प्रत्येकीने आपलं उत्तर सांगायचं. आणि घरी लेकी असतील, तर त्यांनाही विचारायचं. गोष्टीतल्या मुलीबद्दल विचारायचं आणि त्यांच्या स्वतःबद्दलही.

घाबरू नका. उत्तर दिलं म्हणून वेताळ उडून गेला, तर जाऊ दे. बोलल्यावर डोकं फुटत नाही, एवढं तरी ही गोष्ट सांगतेच.