वाणी आणि विचार

“समजले आहे, पण सांगता येत नाही,” असे विद्यार्थी वारंवार म्हणतात. पुष्कळदा ते पुरते समजलेलेच नसते.

आमच्या सिंधुदुर्गातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले, तेव्हा ते विशीच्या सुमाराचे होते. पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. एका भाषेतला विचार दुसरीत मांडू लागले की त्यातील संदिग्धपणा लपत नाही. हेच बाळशास्त्री १८३४ पासून एल्फिन्स्टन विद्यालयात शिकवीत. १८४६ त ते निवर्तले. पुढे दोनच वर्षांनी तेथील तरुणांनी एक सभा स्थापिली. ज्ञानप्रसारक सभा ही तिची मराठी शाखा. निबंध वाचावा आणि त्यावर चर्चा व्हावी, अशी तेथील रीत होती. स्त्रीशिक्षणावरील अशाच एका निबंधाच्या चर्चेतून १८४९ त मुलींच्या शाळा निघाल्या, आणि सभेतील तरुणच तेथे विनावेतन शिकवू लागले.

चारचौघांत स्पष्ट बोललेल्या विचारापासून पळ काढता येत नाही. आम्ही मुलांकडून उत्तरे लिहवून घेतो. प्रश्नांस तोंड देण्याची संधी मात्र क्वचितच देतो. मग त्यांचे विचार धूसर राहिले, तर दोष कोणाचा?