गंगाखेड ते दक्षिण गंगोत्री

आमच्या गंगाखेडला गोदावरीला सारे गंगाच म्हणतात. गंगेच्याच नावाचे एक ठिकाण अंटार्क्टिकाच्या बर्फावर आहे, हे एकदा आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा मुले हसली.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचे जहाज निघाले. २१ जणांच्या त्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते होते अलिगढला शिकलेले सागरशास्त्रज्ञ डॉ. सय्यद जहूर कासिम. ९ जानेवारी १९८२ रोजी तुकडी बर्फावर उतरली. तशा थंडीत बॅटरीची ताकद घटते, यंत्रातले तेल घट्ट होते, उघडी बोटे लोखंडाला चिकटतात. जाड हातमोज्यांनी स्क्रू आवळणेही मुश्कील. तरीही या मंडळींनी मोजमापे घेतली. १९८३-८४ च्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले कायमचे केंद्र उभे राहिले. त्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या अदिती पंतही होत्या.

कासिमसाहेबांचा २०१५ साली इंतकाल झाला. आमच्या उर्दू शाळेतली मुले क्रिकेटवाल्यांची नावे धडाधड सांगतात. हे नाव एकालाही ठाऊक नव्हते. दोष मुलांचा नाही. आम्हीच कधी सांगितले नव्हते. आता दर ९ जानेवारीला सांगतो.