दुसरं गिऱ्हाईक

साल 1864. तुम्ही हिंगणघाटच्या वाटेवर उभे आहात. कापसाच्या गाड्या पश्चिमेकडे निघाल्यात, धूळ दातांत करकरते आहे. अमेरिकेत यादवी पेटलीय, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झालाय; म्हणून इथल्या मालाला सोन्याचा भाव. शेजारचा गाडीवान खुशीत आहे. पुढच्या वर्षी काय होणार, हे त्याला सांगावंसं वाटतं. पण सांगून तो ऐकेल थोडंच!

1865. युद्ध संपतं, भाव कोसळतो. मुंबईची आगगाडी नागपुरात पोचते 1867 मध्ये, तेजी ओसरल्यावर. दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1877 ला, तिथेच जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलचा भोंगा तुमच्या कानी पडतो. कापसाला घराजवळ दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

आता 2010, नाशिक. युरोपातल्या प्रयोगशाळेला द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडलेत, कंटेनर अडकलेत. बागायतदार कपाळाला हात लावतो, पण बाग तोडत नाही. बागेची नोंदणी, फवारणीची वही, तोडणीआधी अंशांची तपासणी, सगळं काटेकोर होतं. परदेशी गिऱ्हाईक टिकवायचं, तर त्याची अट वेलीपाशीच पाळावी लागते.

2023, वरुड. संत्र्याचा आंबिया बहार पिवळाधमक झालाय, पण व्यापारी बागेत फिरकत नाही. नागपुरी संत्र्याचा मोठा परदेशी खरेदीदार बांगलादेश; त्याने आयात शुल्क चार वर्षांत चौपटीपलीकडे नेलंय. दुसरीकडे पाठवावं, तर साल सैल, फळ नाजूक, बिया भरपूर. दूरच्या बाजाराला बिनबियांचं, टिकाऊ फळ हवं. चुरीला, म्हणजे बारीक फळाला, तर कुणी विचारतच नाही. हिंगणघाटचा गाडीवान इथे असता, तर त्याला सगळं ओळखीचं वाटलं असतं.

9 मार्च 2025. नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीच्या फळप्रक्रिया प्रकल्पाचं उद्घाटन होतंय. क्षमता दिवसाला 800 टन लिंबूवर्गीय फळांची. रसाला सालीच्या सैलपणाचं वावडं नाही. चुरीही काट्यावर चढते, गोठवलेला रस लांबचा प्रवास सोसतो.

टाळ्या वाजवा, पण हिशेबही करा. एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. एका देशाच्या जागी एकच कारखाना आला, तर शेतकऱ्याची अडचण फक्त जवळ येते. ताज्या फळाला बिनबियांचं वाण, पॅकिंग, शीतसाखळी आणि आणखी दोन-तीन देश हवेतच. नव्या बागेचा खड्डा खणण्याआधी विचारा: पहिल्याने पाठ फिरवली, तर दुसरा कोण?