कसबाची बाराखडी

सुतारकाम, लोहारकाम, कातकाम यांसारखे कसब शाळेच्या चार भिंतींत, वेळापत्रकाच्या शिस्तीने आणि एकाच शिक्षकाच्या देखरेखीखाली अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकविता येते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही कोणी जन्म दिला असेल, असे सहसा आपल्या मनात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कसब शिकण्याचा जगभर रूढ असलेला शिरस्ता उमेदवारीचा होता. मुलाने उस्तादाच्या हाताखाली राहावे, भाता ओढावा, हत्यारे उचलून द्यावीत आणि उस्तादाची मर्जी होईल तेव्हा, गिऱ्हाइकाकडून जे काम आले असेल त्या कामाला हात लावावा. या पद्धतीने थोर कारागीर निर्माण केले, हे निर्विवाद आहे. परंतु शिक्षणाचा क्रम तीत गिऱ्हाइकाच्या गरजेवर अवलंबून असे आणि मुलगा तयार झाला की नाही, याचा निवाडा सर्वस्वी उस्तादाच्या शब्दावर.

या शिरस्त्याला पहिला शास्त्रशुद्ध पर्याय मॉस्को शहरात सिद्ध झाला. तेथील अनाथालयातील मुलांना हस्तव्यवसाय शिकविण्याकरिता १८३० साली राजाज्ञेने निघालेल्या शाळेचे १८६८ साली शाही तंत्रविद्यालयात रूपांतर झाले आणि त्याची सूत्रे व्हिक्टर देला-व्होस या यंत्रशास्त्रज्ञाकडे आली. विद्यालयाला जोडून विक्रीचा माल तयार करणारे कारखाने होते. तथापि नवशिक्या विद्यार्थ्याला एकदम अशा कारखान्यात सोडले, तर मालही बिघडतो आणि विद्यार्थीही धड शिकत नाही, हे ओळखून देला-व्होस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकविण्याच्या कर्मशाळा उत्पादनाच्या कारखान्यांपासून अजिबात वेगळ्या केल्या. माझ्या मते त्यांच्या सर्व सुधारणांचे मूळ या एका तजविजीत आहे.

सुतारकाम, लाकडाचे कातकाम, लोहारकाम आणि कानसकाम यांना प्रत्येकी स्वतंत्र कर्मशाळा मिळाली. जितके विद्यार्थी तितक्या कामाच्या जागा आणि तितकेच हत्यारांचे संच, असा नियम मुक्रर झाला. पुढे प्रत्येक कसबाचे पृथक्करण करून त्यातील मूलभूत क्रिया निवडून काढण्यात आल्या आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या नमुन्यांची एक मालिका तयार झाली. बालकाने बाराखडी गिरवावी, तशी ती विद्यार्थ्याने क्रमाने गिरवावयाची. प्रत्येक नमुना मोजमापांसह काढलेल्या आराखड्यावरून करावयाचा असल्यामुळे रेखाचित्र वाचण्याचे शिक्षण हातकामाबरोबरच होत असे. कानशीचे दाते व गिरमिटाची धार सर्वांना स्पष्ट दिसावी, म्हणून या हत्यारांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिकृतीही बनविण्यात आल्या होत्या. हातातील नमुना ठरलेल्या कसोटीस उतरल्यावाचून पुढचा मिळत नसे आणि मालिका जसजशी पुढे जाई, तसतशी कसोटी अधिक कडक होई. परीक्षा ही वर्षाअखेरची घटना न राहता अध्यापनाचेच अंग बनली, याचे श्रेय या नियमाला दिले पाहिजे.

१८७३ च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात ही नमुन्यांची मालिका युरोपास दिसली आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ती अमेरिकेस दिसली. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे अध्यक्ष जॉन रंकल यांना ती पाहताच, धंदे असंख्य असले तरी त्यांच्या मुळाशी असलेल्या क्रिया मोजक्याच आहेत आणि शाळेने शिकवावयाच्या त्या या क्रिया, असा बोध झाला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थेत अशा शाळेची शिफारस केली. सेंट लुई येथील गणिताचे प्राध्यापक कॅल्व्हिन वुडवर्ड यांना, आपल्या विद्यार्थ्यांना साध्या लाकडी प्रतिकृती करण्यापुरतीही हत्यारे धरता येत नाहीत, याची खंत होतीच. १८८० साली त्यांनी चौदा वर्षांवरील मुलांसाठी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची हस्तशिक्षणशाळा उघडली. गणित, विज्ञान, भाषा, रेखांकन आणि कर्मशाळा यांना एकाच दिनक्रमात स्थान देणारी ही शाळा आजच्या व्यावसायिक माध्यमिक शाळेची पूर्वज होय.

मॉस्कोच्या या मालिकेवर आक्षेप आला तो स्वीडनमधून. नेस येथे शिक्षकांसाठी हस्तकलेचे अध्यापनवर्ग चालविणारे ओटो सालोमोन हेही सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मालिकाच वापरीत. पण त्यांच्या मालिकेतील प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडणारी, संपूर्ण अशी असे. पुरी झाल्यावर जी फेकून द्यावयाची, अशा वस्तूवर मुलाचे मन जडत नाही आणि मन जडल्यावाचून काटेकोरपणाची आवड उत्पन्न होत नाही, ही त्यांची भूमिका होती. कर्मशाळेचा शिक्षक केवळ निष्णात कारागीर असून चालत नाही, तो अध्यापनशास्त्र जाणणारा असला पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. आणि हा दुसरा आग्रह मला पहिल्याहून अधिक मोलाचा वाटतो.

आपल्याकडे कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे शिक्षण घेणारा मुलगा आरंभी लोखंडाचा तुकडा कानशीने घासून सपाट करतो, गुण्या लावून त्याचा काटकोन तपासतो आणि पुढे एकमेकांत बसणारे दोन भाग तयार करतो, तेव्हा तो मॉस्कोतील त्या मालिकेशी नाते सांगणारी वाटच चालत असतो. या तुकड्याला तो ‘जॉब’ म्हणतो. ही मालिका टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ‘जॉब’ वहीत नोंदवून केवळ गुणांपुरता उरू नये. तो विद्यार्थ्यासमोर, त्याच्याच हाती मोजण्याचे साधन देऊन तपासला जावा, कसोटीस न उतरल्यास पुन्हा करवून घेतला जावा आणि अशा काही पायऱ्यांनंतर एखादी खरोखर वापरात येणारी वस्तू त्याच्याकडून पुरी करून घ्यावी. व्यावसायिक शाळांच्या चालकांनी आणि निदेशकांनी येत्या सत्रापासून एवढी तजवीज आपल्या कर्मशाळेत अवश्य करून पाहावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.