हर्णैला मराठी शिकलेलं जोडपं

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे दापोलीला गेलो होतो. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत उभे होतो. समोर सुवर्णदुर्ग. मी आत्याला सहज म्हटलं, "१८२९ साली एक स्कॉटिश जोडपं इथे मराठी शिकायला येऊन राहिलं होतं."

"बाटवायला आले असतील," आत्या म्हणाली. आम्ही हसलो. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना.

आत्याचं तसं चूक नव्हतं. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं कोकणातलं काम १८२३ साली बाणकोटला सुरू झालं ते धर्मप्रसारासाठीच. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. पुढे हर्णैलाही ठाणं झालं. जॉन आणि मार्गारेट विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि भाषेसाठी इथे आले. वर्षअखेरीस ते मुंबईला परतले. मार्गारेटनं तिथे मुलींसाठी शाळा काढल्या. मुलींना शिकवायचं म्हणजे काय, असं लोकांना वाटण्याचा तो काळ! १८३५ साली ती मुंबईतच वारली. जॉनच्या शाळेचं पुढे विल्सन कॉलेज झालं.

खरं तर कुठलीही मंडळी पाहुण्यांच्या जिवावर टिकत नाही. ती टिकते ती इथल्या माणसांमुळे. जॉनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गावच वसवलं.

आणि या दापोली तालुक्यातल्याच करजगावला १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. विल्सन जोडप्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि काम घडलं ते अमेरिकन मिशनच्या नगरला. पण मिशनऱ्यांना मराठी शिकावी लागली, टिळकांच्या ती रक्तातच होती. ख्रिस्ताचं भजन त्यांनी अभंगात आणलं. परदेशी मिशनचा पगार घेऊन इथला माणूस खऱ्या अर्थानं पुढारी होतो का, हा प्रश्न शेवटी त्यांनी स्वतःपुरता सोडवला. १९१७ साली त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनानं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' आत्याच्या कपाटात आहे. पानं सुटी झालीत, इतकी वाचून.

रात्री जेवताना मी विचारलं, "आत्या, मग लक्ष्मीबाईंना काय म्हणशील? बाटलेल्या?"

आत्या ताटातल्या भाताकडे बघत थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "छे गं. त्या आपल्याच."

मला बरं वाटलं. पण अंथरुणात पडल्यावर वाटलं, लक्ष्मीबाईंना आपलं म्हणायला आपल्याला एवढं मोठं पुस्तक लागलं. ज्यांनी पुस्तक लिहिलं नाही, त्या साध्या ख्रिस्ती घरांना आपण काय म्हणत आलो?

तो शब्द मीही वापरलाय. आता नाही वापरणार.