एक वर्ष, दोन कायदे : बॅकरॅट आणि कॅसिनोविषयक धोरण

प्रस्तुत लेखात बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळाच्या अनुषंगाने महाराष्ट्र व गोवा येथील कॅसिनोविषयक कायद्यांचा तुलनात्मक विचार केला आहे.

बॅकरॅटमध्ये पत्ते वाटण्यापूर्वीच 'प्लेअर', 'बँकर' किंवा 'टाय' (बरोबरी) यांवर पैसे लावले जातात. एक्क्याचा एक गुण, दश्शी व चित्रांचे शून्य. बेरजेतील फक्त एकक अंक धरतात व नऊच्या अधिक जवळची बाजू जिंकते. तिसरा पत्ताही ठरावीक नियमानेच मिळतो. कौशल्यास वाव नाही. बँकरच्या विजयावर ५ टक्के कमिशन कापूनही कॅसिनोचा सरासरी लाभ त्यावर सर्वांत कमी, सुमारे १.०६ टक्के असतो, प्लेअरवर १.२४, तर आठपट मोबदल्याच्या टायवर १४ टक्क्यांहून अधिक.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवाना व कर यांच्या चौकटीत आणणारा कायदा केला. मात्र तो कधीच अमलात आला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. याउलट, गोव्याचा १९७६ चाच सार्वजनिक जुगार अधिनियम प्रतिबंधात्मक होता. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या मेजावरील खेळांस वाट मिळाली. फेब्रुवारी २०२० पासून मात्र गोव्याने स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली.

सारांश, वाशीमच्या माणसाला जो डाव गावी निषिद्ध, तो मांडवीतील जहाजावर वैध; आणि गोवेकरास तेथेही निषिद्ध. परवान्याने खेळ वैध ठरतो, त्याचे गणित बदलत नाही. त्या गणितातील तोटा कोणी सोसावा, हे मात्र कायदा ठरवितो.