वाहिनी पुन्हा जोडण्याचा निर्णय रिलेचा

अतिउच्चदाब पारेषण वाहिन्यांवरील बहुतांश दोष क्षणिक असतात. आकाशातील वीज कोसळते, इन्सुलेटरभोवती आर्क पेटतो आणि प्रवाह तोडताच तो विझतो. म्हणूनच उघडलेला सर्किट ब्रेकर थोड्याच वेळात आपोआप पुन्हा जोडला जातो. हा थोडा वेळ म्हणजे भारतातील ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांवर साधारणतः एक सेकंद.

एकाच फेजमध्ये दोष असल्यास तेवढीच फेज तोडली जाते. उरलेल्या दोन फेजमधून वीज वाहत राहते आणि दोन्ही बाजूंच्या यंत्रणांचा मेळ टिकतो. त्यासाठी सदोष फेज अचूक ओळखणे हे रिलेचे खरे कसब. शिवाय वाहिनीचे एक टोक जोडलेले राहिले, तर आर्क विझत नाही. म्हणून दोन्ही टोकांचे रिले परस्परांना तत्काळ संदेश देतात. पुनर्जोडणीनंतरही दोष कायम असेल, तर तिन्ही फेज तोडून पुढील प्रयत्न रोखला जातो.

रिलेची गफलतही होते. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारत अंधारात गेला, तेव्हा बीना-ग्वाल्हेर वाहिनी दोष नसतानाच तुटली होती. अतिभारालाच रिलेने दूरवरचा दोष मानले होते. अशा विलंबित तोडणीनंतर स्वयंचलित पुनर्जोडणी सहसा केली जात नाही.